चार्ल्स मिंगस आणि त्याचा डबल बेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ नुकतंच ऐकायला लागलेले आणि बरीच वर्षं ऐकत असलेलेही मिंगसबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे हात आखडता घ्यावासा वाटला नाही.

चार्ल्स मिंगस कोण होता?

अमेरिकन डबल बेस वादक, संगीतकार आणि बँडप्रमुख. जन्म २२ एप्रिल १९२२, मृत्यू ५ जानेवारी १९७९. बेसवर त्याच्या तोडीचे वादक त्याच्या काळात मोजकेच होते. रचनाकार म्हणून तर पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टननंतर जॅझमध्ये ज्यांची नावं घ्यावीत त्या दोन-तीन माणसांत मी त्याला धरतो. या दोन गोष्टी त्याच्यात वेगळ्या काढता येत नाहीत. बँडच्या मागच्या बाजूला उभं राहून, सगळ्यांचं ऐकत, खालच्या सुरांवरून तो अख्खं संगीत वळवायचा. त्याच्या रचना बेसच्या जागेवरून ऐकल्या की उलगडतात.

त्याचं बालपण कुठे गेलं?

अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून नोगालेस नावाचं गाव आहे. वडील सैन्यात सार्जंट होते, आणि तिथल्या लष्करी तळावर मिंगसचा जन्म झाला. तो काही महिन्यांचा असतानाच आई गेली. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आलं आणि सावत्र आईने त्याला वाढवलं. तिच्या घरात चर्चच्या संगीताखेरीज दुसऱ्या संगीताला जागा नव्हती.

त्या चर्चमध्ये लोक शांत बसून प्रार्थना करत नसत. कुणीतरी हाक द्यायची, बाकीच्यांनी ओरडून प्रतिसाद द्यायचा, टाळ्या, पायांचा ठेका, मधेच कुणाच्या तरी अंगात येणं, असा तो सगळा प्रकार. १९५९ मधल्या ‘बेटर गिट इट इन युवर सोल’ आणि ‘वेन्सडे नाइट प्रेअर मीटिंग’ या रचना ऐकल्या तर ते चर्च जसंच्या तसं कानावर येतं, मिंगसच्या आरोळ्यांसकट. दुसरा संस्कार रेडिओवरचा. लहानपणी एलिंग्टनचा बँड कानावर पडला आणि तो नाद आयुष्यभर सुटला नाही.

तो काळा होता की मिश्रवंशीय?

दोन्ही, आणि हाच त्याच्या आयुष्यातला सल होता. वडिलांच्या घराण्यात काळ्या आणि गोऱ्या रक्ताची सरमिसळ होती, आईच्या बाजूने चिनी वंश होता. कातडीचा रंग उजळ. त्यामुळे गोऱ्यांच्या लेखी तो काळा, आणि वॉट्समधल्या काळ्या मुलांच्या लेखी पुरता त्यांच्यातला नाही. १९७१ साली आलेल्या त्याच्या ‘बिनीथ द अंडरडॉग’ या आत्मकथनात ही घुसमट पानोपानी आहे. ते पुस्तक मात्र जन्मतारखा आणि घटना तपासायला उघडू नये. त्यात मिंगसने बऱ्याच गोष्टी रंगवून, फुगवून सांगितल्या आहेत. मनाची अवस्था समजून घ्यायची असेल तर वाचावं.

तो आधी चेलो वाजवायचा, मग डबल बेसकडे का वळला?

सुरुवात ट्रॉम्बोनने झाली, मग चेलो. चेलोवर जीव होता आणि मुलांच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदातही तो वाजवत होता. कान तयार होता, स्वरलिपीचं वाचन मात्र कच्चं, कारण ज्यांनी शिकवलं त्यांनी त्या बाजूकडे लक्षच दिलं नव्हतं.

त्याचा मित्र बडी कॉलेट, जो पुढे नामवंत सॅक्सोफोन आणि बासरीवादक झाला, त्याने त्याला व्यवहार सांगितला. तू काळा आहेस, कितीही चांगलं वाजवलंस तरी शास्त्रीय वाद्यवृंदात तुला कुणी घेणार नाही. बेस शीक, आमच्या बँडमध्ये ये. मिंगसने ऐकलं. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत हा सल्ला शंभर टक्के खरा होता, आणि तसा तो खरा असावा हेच मला सगळ्यात जास्त डाचतं. जॅझला एक महान बेसवादक मिळाला, पण एका मुलाला त्याच्या आवडीच्या वाद्यापासून उठवून तो मिळाला.

चेलो त्याच्या हातातून पूर्ण गेला नाही. मिंगस गज घेऊन बेस वाजवतो तेव्हा त्या आवाजात तो चेलो ऐकू येतो.

त्याचे गुरू कोण?

आधी रेड कॅलेंडर. तो मिंगसपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठा होता, पण तेव्हाच नावारूपाला आला होता. मग हर्मन राइनशागेन. हे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये बेसवादक होते, आणि त्यांच्याकडे मिंगस सुमारे पाच वर्षं शिकला. रचनेचे धडे लॉइड रीस यांच्याकडे. रीस यांच्याच हाताखाली एरिक डॉल्फीही शिकला, ज्याचं नाव पुढे येणार आहे.

याच वयात, म्हणजे विशीच्या आत, त्याने वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना लिहिल्या. ‘हाफ-मास्ट इनहिबिशन’ ध्वनिमुद्रित व्हायला १९६० उजाडलं. ‘द चिल ऑफ डेथ’ १९३९ च्या सुमाराची, ती तबकडीवर आली थेट १९७२ मध्ये. सतरा-अठरा वर्षांच्या काळ्या मुलाने लिहिलेलं वाद्यवृंदाचं संगीत वाजवायला कुणी उभं राहत नव्हतं. वाट पाहणं हा त्याच्या कारकिर्दीचा नेहमीचाच भाग झाला.

जॅझमध्ये डबल बेस नेमकं काय करतो? मला तर तो ऐकूच येत नाही.

फोनच्या स्पीकरवर तो ऐकू येणारच नाही. चांगला हेडफोन लावा किंवा नीट खर्ज देणारे स्पीकर वापरा.

डबल बेस माणसाच्या उंचीचा असतो. चार जाड तारा, खालून वर मोजल्या तर ई, ए, डी, जी या सुरांत लावलेल्या. वाद्यवृंदात तो मुख्यतः गजाने वाजतो, जॅझमध्ये बोटांनी छेडून. एका आवर्तनात चार मात्रा धरल्या तर बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक सूर पडतो आणि तो सूर पुढच्या स्वरसंगतीकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाकडे, पाऊल टाकत जातो. याला ‘वॉकिंग बेस’ म्हणतात. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी दोन कामं करतो: लय कुठे आहे ते सांगतो आणि सूर कुठे निघालेत तेही सांगतो. ड्रमवाल्याकडे लय असते पण सूर नसतात, पियानोवाल्याकडे सूर असतात पण तो वाटेल तेव्हा थांबू शकतो. बेसवादकाला थांबण्याची सवलत नाही. तो चुकला तर श्रोत्याला नक्की काय बिघडलं ते कळत नाही, पण सगळं संगीत कलंडल्यासारखं वाटतं.

१९३९ ते १९४१ या काळात एलिंग्टनच्या बँडमध्ये जिमी ब्लँटन नावाचा तरुण होता. त्याने या वाद्यावर फुंकवाद्यांसारखी वळणदार गाणी वाजवून दाखवली. तो अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. मिंगस, ऑस्कर पेटिफर्ड आणि त्यांच्या पिढीने ब्लँटनपासून पुढे वाट काढली.

मिंगसचं वेगळेपण ऐकायचं असेल तर १९५७ मधलं ‘हेशियन फाइट साँग’ घ्या. सुमारे १२ मिनिटांची रचना, आणि सुरुवातीला बेस एकटा. तारा ओढलेल्या, सूर वाकवलेले, दोन बोटांनी एकाआड एक केलेले झपाटेदार आघात. मग तोच बेस एक छोटी, जिद्दी ओळ पकडतो आणि तिच्यावर एकेक वाद्य येऊन चढत जातं. पुढे लय दुप्पट होते, पुन्हा मूळ पदावर येते, आणि प्रत्येक वेळी तो बदल बेसवरून सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनकडे लक्ष जाईल. दुसऱ्यांदा त्यांना सोडून द्या आणि फक्त खालची ओळ धरून बसा.

प्रसिद्ध होण्याआधी तो कुणाकुणाबरोबर वाजवत होता?

१९४० च्या दशकात बार्नी बिगार्ड, लुई आर्मस्ट्राँग, मग लायनल हॅम्प्टन. हॅम्प्टनच्या बँडने १९४७ साली त्याची ‘मिंगस फिंगर्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये कामं आटली आणि तो चक्क पोस्टात नोकरी करू लागला. तिथून त्याला रेड नॉर्व्होने बाहेर काढलं. नॉर्व्होचं व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), टॅल फार्लोची गिटार आणि मिंगसचा बेस, ड्रम नाहीच, असं ते त्रिकूट १९५० आणि १९५१ मध्ये गाजलं. ड्रम नसताना इतक्या वेगात लय धरून ठेवायची जबाबदारी एकट्या बेसवर होती.

हा जम मोडला तो न्यूयॉर्कमध्ये. एका टीव्ही कार्यक्रमाच्या वेळी मिंगसकडे वादक संघटनेचं स्थानिक कार्ड नाही, असं कारण पुढे आलं आणि त्याच्या जागी गोरा बेसवादक उभा राहिला. दोन गोरे आणि एक काळा एकत्र पडद्यावर दिसू नयेत हे खरं कारण, असं मिंगसने कायम मानलं. तो त्रिकूट सोडून न्यूयॉर्कमध्येच राहिला. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा काळ्या वादकांची संघटना वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती. त्या एक व्हाव्यात म्हणून कॉलेटबरोबर मिंगसनेही खटपट केली होती. १९५३ मध्ये त्या एक झाल्या.

एलिंग्टनने त्याला खरंच कामावरून काढलं का?

हो, १९५३ च्या सुरुवातीला, थोड्याच दिवसांत. ट्रॉम्बोनवादक हुआन टिझॉल (‘कॅरव्हॅन’ या प्रसिद्ध रचनेचा सहकर्ता) आणि मिंगस यांच्यात रंगमंचाजवळ हाणामारी झाली. कुणी आधी काय बोललं, कुणाच्या हातात काय होतं, याच्या कहाण्या ज्याच्या त्याच्या आहेत. एलिंग्टन स्वतः कुणाला सहसा काढत नसे, त्यामुळे या प्रसंगाची इतकी चर्चा झाली.

१९६२ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. एलिंग्टन पियानोवर, मिंगस बेसवर, मॅक्स रोच ड्रमवर. ‘मनी जंगल’ नावाच्या या ध्वनिमुद्रणाच्या मधेच मिंगस बेस आवरून निघाला होता आणि एलिंग्टनने त्याला समजूत घालून परत आणलं. त्यातलं ‘फ्लरेट आफ्रिकेन’ जरूर ऐका. एलिंग्टन अगदी साधी धून वाजवतो, आणि मिंगस तिच्याखाली धड ताल नाही, धड गाणं नाही असं काहीतरी थरथरतं वाजवत राहतो. लहानपणापासून ज्याला दैवत मानलं त्याच्याबरोबर वाजवतानाही त्याने मान तुकवून नुसती साथ केली नाही.

मॅसी हॉलचा कार्यक्रम इतका नावाजलेला का आहे?

१५ मे १९५३, टोरांटो. एका मंचावर सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, ड्रमवर मॅक्स रोच आणि बेसवर मिंगस. बीबॉप ही वेगवान, गुंतागुंतीची जॅझ शैली ज्यांनी घडवली त्यांतले हे मातब्बर. आणि तरी सभागृह बरंच रिकामं राहिलं, कारण त्याच संध्याकाळी रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉल्कॉट यांच्यातली जागतिक हेवीवेट मुष्टियुद्धाची लढत होती आणि लोकांचं लक्ष तिकडे होतं. पार्करने त्या दिवशी प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे तबकडीवर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’ असं छापलं गेलं.

आयोजकांकडून मानधन पुरतं मिळालं नाही, पण ध्वनिमुद्रणाच्या फिती मिंगसच्या हाती आल्या. घरी येऊन ऐकतो तर बेस जवळपास ऐकूच येत नाही. मग त्याने न्यूयॉर्कमध्ये बसून स्वतःचा बेस त्यावर पुन्हा वाजवून चढवला. काही जाणकारांना हा खोटेपणा वाटतो. मला तो हक्क वाटतो. त्या रात्री त्याने वाजवलं होतंच, फक्त मायक्रोफोनने त्याची दखल घेतली नव्हती.

ती तबकडी कुणी काढली?

मिंगसनेच. मॅक्स रोच आणि तेव्हाची पत्नी सीलिया यांच्याबरोबर त्याने १९५२ मध्ये ‘डेब्यू रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्या वादकांना पिळतात, तर आपलं आपण छापू, हा हेतू. पियानोवादक पॉल ब्ले याचा पहिला अल्बमही तिथलाच. पाचेक वर्षांत कंपनी थंडावली. कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःच्या ध्वनिमुद्रणांची मालकी हातात ठेवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत या छोट्या कंपनीचं नाव वर घ्यावं लागेल.

‘जॅझ वर्कशॉप’ म्हणजे शाळा होती का?

नाही, तो त्याचा बँडच. पण तिथे जे चालायचं ते शाळेपेक्षा कठीण होतं.

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिंगस रीतसर कागदावर रचना लिहीत होता. मग त्याला जाणवलं की कागद पुढे ठेवला की वादक कागद वाजवतात. त्याला हवा असलेला ओरखडा, तो खरखरीत, बोलता सूर स्वरलिपीत मावत नव्हता. तेव्हा त्याने पद्धत बदलली. पियानोवर बसायचं, एकेकाला त्याची ओळ वाजवून किंवा गाऊन दाखवायची, आणि ती त्याच्या डोक्यात बसेपर्यंत घोटून घ्यायची. आपल्याकडे बंदिश समोरासमोर बसून गळ्यावर चढवतात, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक वादकांना ते फार जड गेलं. १९५६ च्या ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ या अल्बमपासून हा बदल स्पष्ट ऐकू येतो. त्याच नावाच्या रचनेत माणूस दोन पायांवर उभा राहतो, माजतो आणि कोसळतो. मधे मधे सॅक्सोफोन अक्षरशः किंकाळ्या फोडतात.

कार्यक्रमातही तालीम थांबायची नाही. आवडलं नाही तर मिंगस भर मंचावर रचना थांबवायचा, वादकाला झापायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. प्रेक्षक बोलत बसले तर त्यांनाही सुनवायचा. कुणी सरावातले जुने तुकडे फिरवून वेळ मारून नेऊ लागला तर तो लयच बदलायचा किंवा साथ काढून घ्यायचा, म्हणजे त्या वादकाला स्वतःचं काहीतरी शोधण्यावाचून गत्यंतर राहायचं नाही.

यातून तावून सुलाखून निघालेला सगळ्यात मोठा माणूस डॅनी रिचमंड. तो मुळात सॅक्सोफोन वाजवायचा, ड्रमकडे नुकताच वळला होता. मिंगसने त्याला घडवलं आणि मधला थोडा काळ सोडला तर तो सुमारे वीस वर्षं बरोबर राहिला. बेस आणि ड्रम एका क्षणी वेग सोडतात, थबकतात आणि पुन्हा एकदम पकडतात, तेव्हा ते कुणी ठरवलं हे सांगता येत नाही. आधी ठरवलेलं नसायचंच.

१९५९ चा ‘मिंगस अह अम’ एवढा महत्त्वाचा का?

कारण मिंगसच्या सगळ्या बाजू एका तबकडीवर आल्या. मे १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी दोन दिवसांत हे ध्वनिमुद्रण झालं. निर्माता टिओ मसेरो हा स्वतः पूर्वी मिंगसबरोबर सॅक्सोफोन वाजवणारा. चर्च आहे, एलिंग्टनला वंदन आहे, जॅझच्या सुरुवातीच्या काळातला पियानोवादक जेली रोल मॉर्टन आहे, चार्ली पार्कर आहे.

आणि ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ आहे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग १५ मार्च १९५९ रोजी गेला. तो चपट्या माथ्याची, रुंद कडांची टोपी घालायचा, तिच्यावरून हे नाव. जेमतेम दोन महिन्यांत मिंगसने ही शोकरचना ध्वनिमुद्रित केली. संथ, ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या गाण्याच्या बारा मापांच्या (म्हणजे बारा आवर्तनांच्या) बांध्याची, पण खालच्या स्वरसंगती साध्या ब्लूजच्या वाटेने जातच नाहीत. जॉन हँडीचा सॅक्सोफोन एका जागी सुरातच थरथरतो. मला विचाराल तर जॅझमध्ये याहून सुंदर श्रद्धांजली नाही.

‘फेबल्स ऑफ फॉबस’ हे राजकीय गाणं आहे का?

आहे, उघड उघड. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये शिकायला निघाली. त्यांना अडवायला गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसने नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना केंद्राचं सैन्य पाठवावं लागलं. मिंगसने त्या गव्हर्नरवर रचना केली. तिची चाल मुद्दाम डुलत, ठेचकाळत चालणाऱ्या विदूषकासारखी आहे.

तिला शब्दही होते, पण कोलंबियाने ते घेऊ दिले नाहीत. म्हणून ‘अह अम’मध्ये फक्त वाद्यं आहेत. १९६० मध्ये कँडिड या छोट्या कंपनीसाठी त्याने शब्दांसकट ती पुन्हा केली. त्यात मिंगस विचारतो, मूर्ख माणसाचं एक नाव सांग, आणि ड्रमच्या मागून रिचमंड गव्हर्नरचं नाव ओरडतो. चर्चमधली तीच हाक आणि तोच प्रतिसाद, फक्त इथे तो एका सत्ताधाऱ्याच्या तोंडावर फेकलेला. त्याच वर्षी न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या पक्षपाताविरुद्ध मॅक्स रोच आणि मिंगस यांनी शेजारीच स्वतःचा वेगळा महोत्सव भरवला होता.

तो फार रागीट होता म्हणतात. खरं किती?

बरंच खरं. ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याचा मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला होता. तारीख अलीकडे आली, तयारी अपुरी, लेखनिक मंचावर बसून वादकांसाठी स्वरलिपीच्या प्रती उतरवत होते. कार्यक्रम पार फसला. त्याआधीच्या ताणात मिंगसने ट्रॉम्बोनवादक जिमी नेपरच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, ओठांची पकड गेली आणि वरच्या पट्टीतले सूर नेपरला पूर्वीसारखे मिळेनात. प्रकरण कोर्टात गेलं, मिंगस दोषी ठरला, शिक्षा मात्र स्थगित झाली.

याला कलावंताचा लहरीपणा म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. ट्रॉम्बोनवाल्याचं तोंड म्हणजे त्याचं पोट. मिंगसच्या रागाला वर्णद्वेषाची, फसवणुकीची, डावलले गेल्याची खरी कारणं होती, आणि तो राग अनेकदा अशा माणसावर निघाला ज्याचा त्यात काडीचा दोष नव्हता. नेपर मोठ्या मनाचा. १९७० च्या दशकात तो मिंगसबरोबर पुन्हा वाजवायला आला आणि मिंगसच्या मृत्यूनंतरही त्याच्या रचना वाजवत राहिला.

‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ कसं ऐकावं?

एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. १९६३ मधली ही सलग रचना, अकरा वादकांची, नृत्यनाट्याच्या कल्पनेवर बेतलेली. फ्लॅमेंको गिटार आहे, ट्यूबाचा घरघराट आहे, एलिंग्टनच्या धर्तीचे रंग आहेत, आणि लय सतत पळते, धाप लागून थांबते, पुन्हा पळते. काही भाग मिंगसने नंतर एकावर एक चढवून बसवले. वेष्टणावरचं टिपण त्याने स्वतःच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून, डॉ. एडमंड पोलॉक यांच्याकडून, लिहून घेतलं. मनाच्या आजाराबद्दल बोलण्याची चोरी असलेल्या काळात एका माणसाने आपल्या डॉक्टरला आपलं संगीत लोकांना समजावून सांगायला लावलं, हे धैर्याचं होतं.

एरिक डॉल्फीशी त्याचं नातं कसं होतं?

जिवाभावाचं. डॉल्फी सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट वाजवायचा. तो बास क्लॅरिनेटवर आणि मिंगस बेसवर, दोघं वाद्यांतून अक्षरशः भांडायचे, समजूत काढायचे. १९६० मधलं ‘व्हॉट लव्ह’ ऐकलं की शब्द नसलेलं ते संभाषण कळतं. एप्रिल १९६४ च्या युरोप दौऱ्यानंतर डॉल्फीने तिथेच राहायचं ठरवलं. मिंगसने निरोपाची रचना केली, ‘सो लाँग एरिक’. जूनच्या २९ तारखेला डॉल्फी बर्लिनमध्ये मधुमेहाने गेला. वय ३६. निरोपाचं गाणं श्रद्धांजलीचं होऊन बसलं. मिंगसने आपल्या मुलाचं नाव एरिक ठेवलं.

साठच्या दशकाच्या शेवटी तो कुठे गायब झाला होता?

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरच्या जागेतून त्याला सामानासकट बाहेर काढण्यात आलं. तिथे संगीतशाळा काढायचा त्याचा बेत होता. टॉमस राइकमन या तरुण दिग्दर्शकाने हे सगळं चित्रित केलं. रस्त्यावर पडलेली स्वरलिपीची कागदपत्रं, बेस, आणि शेजारी गोंधळलेला मिंगस. हा माहितीपट १९६८ मध्ये आला आणि पाहवत नाही. त्यानंतर काही वर्षं तो जवळपास वाजवतच नव्हता.

परतल्यावर १९७१ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, १९७२ मध्ये ‘लेट माय चिल्ड्रन हिअर म्युझिक’ आला. १९७४ मध्ये डॉन पुलन, जॉर्ज अ‍ॅडम्स, जॅक वॉलरथ आणि रिचमंड यांच्याबरोबर केलेले ‘चेंजेस’चे दोन भाग माझ्या मते त्याच्या उत्तम कामांत मोडतात आणि त्यांच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं.

मांजराची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. आपल्या मांजराला माणसांचा कमोड वापरायला कसं शिकवलं, याची पायरीपायरीने कृती त्याने पत्रक छापून विकली होती. मांजराचं नाव नाइटलाइफ.

त्याचा शेवट कसा झाला?

१९७७ च्या अखेरीस एएलएस या आजाराचं निदान झालं. यात स्नायूंवरचा ताबा एकेक करून जातो. बोटं थांबली, मग हात. चाकांच्या खुर्चीतून तो धून गुणगुणायचा आणि टेपरेकॉर्डर ती टिपून घ्यायचा. १८ जून १९७८ रोजी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर जॅझचा मोठा कार्यक्रम झाला. सगळे मिंगससाठी टाळ्या वाजवत उभे राहिले, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जवळ येऊन त्याला मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला.

याच काळात गायिका जोनी मिचेलबरोबर त्याचं काम चालू होतं. धुना त्याच्या, शब्द तिचे. तो अल्बम १९७९ च्या जूनमध्ये आला. मिंगस त्याआधीच मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका गावी वारला होता, वयाच्या ५६ व्या वर्षी. तिथे तो उपचारांच्या आशेने गेला होता.

त्याचा भारताशी काही संबंध होता का?

आर्मस्ट्राँग आणि एलिंग्टन साठच्या दशकात मुंबईत वाजवून गेले, पण मिंगसचा संबंध वेगळ्या प्रकारचा. तरुणपणी चित्रकार मित्र फारवेल टेलर याच्यामुळे त्याची वेदान्ताशी ओळख झाली. १९५९ मधली ‘फार वेल्स, मिल व्हॅली’ ही रचना त्याच मित्रासाठी आहे. आपली रक्षा गंगेत सोडावी, अशी इच्छा त्याने सांगून ठेवली होती. पत्नी स्यू मिंगस भारतात आल्या आणि त्यांनी ती पुरी केली.

‘एपिटाफ’ ही काय भानगड आहे?

मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांची यादी करताना अँड्र्यू होम्झी या अभ्यासकाला एका प्रचंड रचनेची सुटी पानं मिळाली. जुळवल्यावर ४००० पेक्षा जास्त मापांची, दोन तासांहून मोठी रचना उभी राहिली. टाउन हॉलमध्ये १९६२ साली फसलेला कार्यक्रम म्हणजे याच संगीताचा काही भाग. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये गुंथर शुलर यांच्या नेतृत्वाखाली ३० वादकांनी ती वाजवली. ती सलग, पूर्ण मिंगसने कधीच ऐकली नाही.

सुरुवात कुठून करावी?

‘मिंगस अह अम’पासून. मग ‘हेशियन फाइट साँग’साठी ‘द क्लाउन’, पाठोपाठ ‘ब्लूज अँड रूट्स’. इथवर आवडलं तर ‘ब्लॅक सेंट’. ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ त्यानंतर ठेवा. ‘एपिटाफ’ची घाई नको.

त्याचं संगीत आज कुणी वाजवतं का?

भरपूर. स्यू मिंगस यांनी ‘मिंगस डायनॅस्टी’ आणि पुढे ‘मिंगस बिग बँड’ उभे केले, हस्तलिखितांतून वादकांच्या प्रती तयार करून घेतल्या, आणि २०२२ मध्ये वारेपर्यंत हे काम सोडलं नाही. बिग बँडला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. मूळ हस्तलिखितं १९९३ पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. न्यूयॉर्कमध्ये मिंगसच्या नावाने हायस्कूलच्या मुलांची स्पर्धा भरते. तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं त्याच्या रचना वाजवतात, म्हणजे ज्या वयात मिंगसने ‘हाफ-मास्ट इनहिबिशन’ लिहून बाजूला ठेवलं होतं, साधारण त्याच वयाची.